सौद्याआधी पाणी नाही

माझं लग्न ठरलं ते मोडता मोडता ठरलं, आणि त्याला कारण आत्याबाई.

मला बघायला वटारहून मंडळी आमच्या फुलपाड्याच्या फ्लॅटवर आली. बाकीचे सोफ्यावर टेकले. एक बाई मात्र दाराशीच उभ्या. नऊवारी लुगडं, त्यावर पुरुषी शर्ट आणि अंबाड्यात चक्क गोणी शिवायचा दाभण खुपसलेला. आईनं पाण्याचा ट्रे पुढे केला.

"नको."

"बरं, चहा?"

"नको."

"अहो, निदान पोहे तरी घ्या."

"आधी बोलू."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. आम्ही साताऱ्याकडची माणसं. घरी आलेल्यानं पाणी नाकारलं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. बाईंनी मला चालून दाखव, शिवून दाखव असलं काही सांगितलं नाही. बाल्कनीत नेलं आणि खाली उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला हाक मार म्हणाल्या. मी चिडलेच होते, त्यामुळे हाक जरा जोरातच गेली. रिक्षावाल्यानं वर पाहिलं, समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकाही खिडकीत आल्या.

"उंची कमी हाय," आत्याबाईंनी सगळ्यांदेखत निकाल दिला. "रागीट हाय. पन आवाज वाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल. आमाला पसंत हाय." आणि लगेच आईकडे वळून, "आता पानी द्या वैनी, घसा पार सुकला."

मग त्या पेल्यांवर पेले पाणी प्यायल्या, पोहे मागून घेतले, वर "खोबरं कंजूषपनानं घातलंय" असंही म्हणाल्या. आई पुढे कितीतरी वर्षं त्यांना 'ती दाभणवाली' म्हणत असे, पण लग्नाला काही नाही म्हणाली नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. लग्न होऊन सासरी गेल्या आणि सहा महिन्यांत परत माहेरी आल्या. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मला तर विचारल्याशिवाय राहवत नाही. परत आल्या त्या सरळ वाडीत शिरल्या आणि मरेपर्यंत तिथून बाहेर आल्या नाहीत. केळी, चाफा, विड्याची पानं आणि खालच्या अंगाला भाताचं शेत. त्यांची घरची बोली मला अजून धड बोलता येत नाही, लिहिता तर मुळीच नाही, तेव्हा इथे जमेल तशी लिहिते. वाचून त्या हसल्या असत्या.

तो पाण्याचा नियम मला पुढे कळला. कुठलीही देवघेव असो, म्हशीची, मुलीची नाहीतर गॅसच्या शेगडीची, ठरेपर्यंत समोरच्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "आत्याबाई, तहानेनं जीव गेला तर?"

"पानी प्यालं की जीभ बांधली जाते, मास्तरीन," त्या म्हणाल्या. मी शाळेत शिकवते म्हणून त्यांनी माझं नाव टाकून मला मास्तरीणच करून टाकलं होतं. "मंग वाईटाला वाईट बोलवत नाय. आनि खोटं चांगलं बोललं तर त्या पान्याशी बेइमानी. त्यापेक्षा सुकं ऱ्हायलेलं बरं."

दुसरा नियम भावाचा. भाव एकदाच सांगायचा. विरारच्या बाजारात चाफ्याची टोपली घेऊन बसल्या की गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, जरा कमी करा ना." आत्याबाई एक अक्षर न बोलता फुलं परत टोपलीत ठेवायच्या. "अहो, मी घेतेय, घेतेय!" म्हटल्यावर पुन्हा काढायच्या, त्याच भावाला. आणि विकत घेताना? तेही तसंच, बरं का. एकदा कोथिंबिरीवाली दमून घाईघाईनं काहीच्या काही कमी भावात जुड्या फुंकत होती. आत्याबाईंनी तिला वर पैसे दिले आणि खडसावलं, "एवढ्याला विकशील तर उद्या पिकवशील कशाला?" ती बिचारी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं म्हातारी वेडी आहे. मला तर पक्कं ठाऊक होतं.

तिसरी गोष्ट तो दाभण. त्यानं त्या फणस तपासत, खताची गोणी तपासत. एकदा दवाखान्यात झोपायला सांगितलं तेव्हा गादीही तपासली होती. "कापूस नाय, चिंध्या हायत," असं डॉक्टरांना ऐकवलं. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब पुन्हा मोजला.

अशी ही बाई ट्रॅक्टर घ्यायला निघाली.

झालं असं की आमची शेवटची बैलजोडी म्हातारी झाली होती, आणि गावात भाड्यानं येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला नांगरणीपेक्षा मातीभरावाचं काम जास्त परवडायला लागलं होतं. सगळीकडे बिल्डिंगी उठत होत्या आणि त्यांच्याखाली टाकायला माती लागत होती. एक हंगाम आमचं शेत नांगराशिवाय तसंच पडून राहिलं. लगेच पुढच्या मार्चात एका बिल्डरचा माणूस कागद घेऊन आमच्या ओट्यावर हजर! सासरे मुंबईच्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना शेताचा कळवळा कधीच नव्हता, उलट लहानपणी बापानं चिखलात राबवलं याचा राग होता. जमीन कागदावर त्यांच्या नावाची.

"ताई," ते म्हणाले, "पावसाआधी शेताला नांगर लागला तर शेत तुझं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही लागला तर मी सही करतो. पडीक ठेवायची ऐपत नाही आपली."

"चालंल," आत्याबाई म्हणाल्या. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी बैल विकले आणि त्या पैशांत फुलांचे साठलेले घातले. मे उजाडला तशा मला म्हणाल्या, "मास्तरीन, तुज्या शाळंला सुट्टी हाय ना? गाडी काढ."

गाडी म्हणजे माझी मोपेड. भर मे महिन्यात, डोक्यावर ऊन मी म्हणतंय, मागे आत्याबाई दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलेल्या आणि त्यांच्या दाभणाचं टोक माझ्या मानेच्या अंदाजाला. वटारहून रेल्वेपलीकडे गोखिवऱ्याला. तिथे एकाचा जुना ट्रॅक्टर, सगळ्या अवजारांसकट, विकायला आहे असं कळलं होतं.

त्या घराची शेती संपली होती. शेताच्या जागी पत्र्याचे गाळे उभे होते, आणि गाळ्याच्या कडेला ताडपत्रीखाली तो ट्रॅक्टर. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. सोबत फुलपाड्याचा एक एजंट, जो फ्लॅटही विकायचा आणि गाड्याही.

"काकू, डोळे झाकून घ्या," एजंट म्हणाला. "एकदम टॉप कंडिशन. काका, म्हणजे यांचे वडील, गेल्यावर कोणी हात पण नाही लावला. पेपर आईच्या नावावर आहेत, त्यांचा अंगठा घेऊ, काय टेन्शन नाही."

ती आई आतल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून होती. चिंच फोडत होती आणि आमच्याकडे बघत होती.

तिच्या सुनेनं पाणी आणलं. आत्याबाई म्हणाल्या, "नको." मला कोपर मारलं. मीही म्हणाले, "नको." देवाशपथ, त्या पितळी तांब्यावर बाहेरून थेंब जमले होते!

मग तपासणी सुरू झाली. आधी बॉनेटला हात लावून बघितला, गरम तर नाही ना? आम्ही यायच्या आधी कुणी चालू करून ठेवला असता तर त्या तिथूनच परत फिरल्या असत्या. गार आहे म्हटल्यावर चालू करायला लावला आणि धुराकडे बघत राहिल्या. बैल पारखताना घालतात तशी भोवती फेरी घातली, मागच्या चाकावर थाप मारली, टायरच्या भेगांत दाभण घालून खोली मोजली. शेवटी नांगर मागे जोडून लिफ्टनं वर उचलायला लावला, मशीन बंद करायला सांगितलं आणि समोर दगडावर जाऊन बसल्या.

"आता काय?" मी विचारलं.

"बघू, किती वेळ धरून ठेवतो."

आम्ही दोघी त्या अधांतरी नांगराकडे बघत बसलो. अर्धा तास, पाऊण तास. नांगर हळूहळू खाली यायला लागला. मालक म्हणाला, "ते जरा सील बदलावं लागेल." आत्याबाईंनी मान डोलावली, माझ्या पर्समधून खडू काढला आणि सरळ ट्रॅक्टरवर लिहायला लागल्या! इंजिनावर एक आकडा. पुढच्या टायरवर दुसरा, त्याला वजाबाकीचं चिन्ह. मागच्या टायरवर, लिफ्टवर, प्रत्येक ठिकाणी. मग अवजारांकडे वळल्या. एजंट म्हणाला होता, नांगर आणि चिखलणीची लोखंडी चाकं भंगारात जातील, फुकटच समजा. आत्याबाईंनी त्या चाकांवर भंगाराच्या दुप्पट आकडा घातला. "भंगार कशानं? चिखलात चाललेली चाकं हायत ही. आखी हायत," म्हणाल्या. ट्रॉलीवर फक्त 'नको' लिहिलं. मग सगळ्याची बेरीज करून बॉनेटवर मोठ्या अक्षरांत मांडली. आकडे मी इथे देत नाही, आजच्या भावात ऐकून हसाल.

मालकही हसला. त्यानं सांगितलेल्या किमतीपेक्षा तो आकडा बराच खाली होता. "नाही परवडत, काकू. आणि ट्रॉली सोडून कसं चालेल? सगळं एकत्र जायला हवं."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या आणि उठल्या.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. त्यानं ट्रॅक्टर धुऊन काढला होता, खडू पार पुसला होता. आत्याबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं आणि पुन्हा आकडे घातले. तेच. एकही इकडचा तिकडे नाही. पाणी? नको. मालक थोडा खाली आला, आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर रेल्वे ओलांडल्यावर मी मोपेड कडेला घेतली आणि भांडलेच.

"तुमच्याकडे तेवढेच पैसे आहेत म्हणून तो भाव वाजवी, असंच ना?"

"माज्याकडं जास्त हायत," त्या शांतपणे म्हणाल्या.

"जास्त आहेत? आणि तरी—? अहो, पाऊस आला तर शेत जाईल! माझा पगार आहे, तोही घाला. देऊन टाका त्याला काय मागतोय ते!"

"जास्त दिले तर वर्षभर मी त्याला शिव्या देत नांगरनार. कमी दिले तर तो मला. शिव्यांवर भात येत नाय, मास्तरीन."

याला हट्ट म्हणायचं की काय! रात्री नवऱ्याला म्हणाले, तुमच्या आत्यामुळे शेत जाणार, लिहून ठेवा. तो म्हणाला, जाऊ दे, आत्याला कोण सांगणार.

तिसऱ्या खेपेला आभाळ भरून आलेलं. उकाडा असा की मोपेडचं हँडल हातातून निसटत होतं. पोहोचलो तर तिथे एक मातीभरावाचा ठेकेदार आधीच खुर्चीत बसलेला! एजंटानंच आणला होता. त्याला ट्रॅक्टर आणि ट्रॉली हवी होती, नांगराशी घेणं नव्हतं. आत्याबाईंनी मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धुतलेल्या ट्रॅक्टरवर खडूनं पुन्हा तेच आकडे घातले, बॉनेटवर बेरीजही मांडली.

सुनेनं कोकम सरबत आणलं. ठेकेदारानं एक पेला संपवला, दुसरा मागितला, मिशा पुसल्या आणि ट्रॅक्टरच्या चाकाला बुटाची ठोकर मारली.

"डबा आहे हा," तो म्हणाला. "नुसता डबा. उद्या रस्त्यात बसणार. उपकार म्हणून नेतोय मी."

भाव पाडायला असं बोलायचं असतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आत्याबाईंना नव्हतं. त्या खडू हातात घेऊन गर्रकन वळल्या.

"डबा कुनाला म्हनतो रे? आवाज ऐकलास का? थंडीत ठेव नायतर उनात, एका किल्लीत उठतो. गिअरची पेटी कोनी खोललेली नाय. वंगन टायमावर घातलंय, बोटाला लावून बघ, वाळू लागते का! पुढचे टायर गेलेत, लिफ्ट गळतो, ते मी लिवलंय. पन डबा? ज्यानं चालवला त्यानं पोटच्या पोरासारखा चालवलाय!"

मी त्यांचं लुगडं ओढत होते. अहो, आपण घेणारे आहोत, आपणच कसले गुण गाताय! मालकाचा चेहरा तर असा उजळला म्हणून सांगू!

"ऐकलं ना?" तो ठेकेदाराकडे वळला. "आता बोला."

ठेकेदारानं चिडून मालकानं पहिल्या दिवशी मागितलेला आकडा तसाच्या तसा बोलून टाकला. एजंट लगेच, "डन! फायनल!" संपलं. आत्याबाईंनी स्वतःच्या तोंडानं स्वतःचा ट्रॅक्टर घालवला होता, आणि त्याबरोबर शेतही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खडू माझ्या पर्समध्ये ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल." ओठ पार पांढरे पडले होते. मला इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं की पर्समध्ये गाडीची किल्ली सापडेना.

"थांब गो," मागून आवाज आला.

मालकाची आई उंबऱ्यावरून उठली होती. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ती ट्रॅक्टरपाशी आली आणि बॉनेटवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे दोनदा पुसलं माज्या पोरानं. तीनदा तेच लिवलंस?"

"एकच भाव हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"आनि हे तुला कोनी सांगितलं, पोटच्या पोरासारखा चालवला म्हनून?"

"सांगायचं काय त्यात? दिसतंय."

म्हातारी आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. आत्याबाईंच्या हातात दिला.

"पी. झाला सौदा."

"आई!" मालक ओरडला. "तो किती देतोय बघ तरी!"

"तो माज्या घरचं सरबत पिऊन माज्या मानसाच्या गाडीला डबा बोलला," म्हातारी म्हणाली. "ही तीन दिस तहानेली बसली आनि खरं बोलली. अंगठा माजा हाय. ट्रॉली दे त्याला, पायजे तर."

आत्याबाईंनी तांब्या तोंडाला लावला. घटाघट, खाली न ठेवता, संपेपर्यंत. मग मला म्हणाल्या, "तू पन पी गं, मास्तरीन." मी तिथेच त्या अंगणात ढसाढसा रडले, आणि मग दोन तांबे प्यायले.

निघताना आत्याबाईंचा आणखी एक हट्ट. बैल विकला की त्याचं दावं विकणाऱ्यानं ठेवून घ्यायचं, ही रीत. ट्रॅक्टरला दावं कुठून आणायचं? शेवटी त्यांनी ताडपत्रीची नायलॉनची दोरी सोडवली आणि म्हातारीच्या हातात दिली. म्हातारीनं ती मनगटाला गुंडाळली. मालकाचा ड्रायव्हर ट्रॅक्टर चालवत होता, मडगार्डवर आत्याबाई, आणि त्यांच्यामागे दोरीविना फडफडणारी ती ताडपत्री. मी मोपेडवर मागून. सगळी वसई आमच्याकडे बघत होती आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

सासरे ओट्यावर पेपर वाचत होते. आत्याबाई खाली उतरल्या आणि विचारलं, "नांगर कुठं ठेवू?" सासऱ्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि आत गेले. पाऊस पडायच्या आत शेताला नांगर लागला, आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. मात्र शेताकडे ते त्यानंतरही कधी फिरकले नाहीत, ट्रॅक्टरला ते 'ताईचा बैल' म्हणत आणि चिखलणीच्या दिवसांत आवाज होतो म्हणून खिडकी लावून घेत.

आत्याबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत अंबाड्यात दाभण होता, मीच काढला. त्या गेल्यावर वर्षाच्या आतच दुसऱ्या एका बिल्डरचा माणूस आला. मी मनाची तयारी केली होती. शब्द आत्याबाईंना दिला होता, त्या नाहीत, कागदावर नाव सासऱ्यांचं. आता कोण अडवणार?

"सूनबाई, पाणी आण," सासरे म्हणाले.

मी तांब्या-पेला आणून ठेवला. "नको, नको," तो माणूस म्हणाला, "माझ्याकडे आहे." त्यानं पिशवीतून बाटलीबंद पाणी काढलं, पोटभर प्याला आणि म्हणाला, "जमीन काय, काका, खोलगट आहे. तशी कामाची नाही. पण आम्ही भराव घालू, तुमचं कल्याण होईल."

मला आत्याबाई आठवल्या. त्याही पाणी नाकारायच्या, पण तहानलेल्या बसायच्या. हा घरून पाणी घेऊनच आला होता.

सासऱ्यांनी एकदा त्या बाटलीकडे पाहिलं. मग त्याच्यापुढचा तांब्या उचलला आणि स्वतःच प्यायले, खाली न ठेवता, संपेपर्यंत. धोतराला तोंड पुसलं.

"उठा," ते त्याला म्हणाले. "आम्हाला कामं आहेत."

तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "चिखलणीला ड्रायव्हर कधी येतो म्हणालीस?"